पॅलेस्टिनी पदवीधराला ब्रिटनमध्ये मास्टर्ससाठी आणायचं, तर…

गाझा, वेस्ट बँक आणि पूर्व जेरुसलेममधल्या पदवीधरांना परदेशात पुढचं शिक्षण घेता यावं म्हणून पैसे उभे करणाऱ्या धर्मादाय संस्था ब्रिटनमध्ये आहेत. काही मोठ्या आहेत, पण बऱ्याच अगदी छोट्या, एखाद्या विद्यापीठाच्या गावातल्या चार-सहा माणसांनी चालवलेल्या. अशाच एका छोट्या संस्थेत मी अर्ज वाचते आणि निवड झालेल्या मुलामुलींना पोचेपर्यंत सोबत करते. ब्रिटनमधली मराठी मंडळी, आणि पुण्या-मुंबईत बसून ऑनलाइन मदत करायची तयारी असलेले लोकही विचारतात, ‘आम्हाला यात यायचंय, सुरुवात कुठून करू?’ हा लेख त्यांच्यासाठी आहे.

एक गोष्ट आधीच सांगते. या कामात पैसा उभा करणं म्हणजे निम्मंच काम. शिष्यवृत्ती जाहीर झाली, विद्यापीठाने प्रवेश दिला, आणि तरी सप्टेंबरमध्ये वर्गातली खुर्ची रिकामी राहिली, असं घडतं. कारण कुठलातरी कागद वेळेत झाला नाही किंवा सीमा उघडली नाही. म्हणून पुढचं सगळं क्रमाने वाचा, आणि तारखांना घट्ट धरून राहा.

आधी संस्था नीट ओळखा

सगळ्या योजना एका माळेत ओवू नका. चेव्हनिंग ही ब्रिटिश सरकारची शिष्यवृत्ती, १९८३ पासूनची. तिला निदान दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो आणि नंतर दोन वर्षं मायदेशी परतावं लागतं. ब्रिटिश कौन्सिलची हेस्पाल शिष्यवृत्ती २०१० मध्ये सुरू झाली. पॅलेस्टिनी विद्यापीठांत शिकवणाऱ्या तरुण मंडळींनी मास्टर्स किंवा पीएचडी करून यावं हा तिचा हेतू. तिसरा प्रकार एकाच विद्यापीठाशी बांधलेल्या ट्रस्टचा, उदाहरणार्थ डरहॅम विद्यापीठात मास्टर्ससाठी पॅलेस्टिनी पदवीधर आणणारा डरहॅम पॅलेस्टाइन एज्युकेशनल ट्रस्ट. शिवाय वेस्ट बँकमधल्या बीरझेत विद्यापीठाच्या मित्रमंडळासारख्या, १९७८ पासून पॅलेस्टिनी उच्चशिक्षणाच्या पाठीशी उभ्या असलेल्या संस्था आहेत.

नव्या स्वयंसेवकाने तिसऱ्या प्रकारात यावं असं माझं मत आहे. तिथे तुमचा एक तास खरोखर मोजला जातो, आणि विद्यार्थी तुमच्यासाठी अर्ज क्रमांक न राहता माणूस राहतो.

सामील होण्याआधी संस्थेचा ताळेबंद वाचा. इंग्लंड-वेल्सच्या संस्था चॅरिटी कमिशनच्या नोंदवहीत सापडतात, स्कॉटलंडची नोंदवही वेगळी आहे, आणि दोन्ही कुणालाही पाहता येतात. विश्वस्तांच्या वार्षिक अहवालात मी आधी एकच गोष्ट शोधते. विद्यार्थ्याला शब्द देताना त्याच्या अख्ख्या वर्षाचा पैसा खात्यात होता का? ‘देणग्या येतीलच’ या भरवशावर कुणाला बोलावू नये. जानेवारीत पैसे संपले, तर त्या मुलीला घरी परत जाण्याची वाटही खुली असेल असं नाही.

खर्च किती, आणि कोण काय देतं

परदेशी विद्यार्थ्याची एका वर्षाच्या मास्टर्सची फी वीस ते तीस हजार पौंडांच्या घरात सहज जाते. एवढा भार छोटी संस्था पेलू शकत नाही. म्हणून विद्यापीठाकडून फी माफ करून घेणं ही खरी पहिली पायरी, आणि ती प्राध्यापकांच्या ओळखीने, चिकाटीने, कुलगुरूंच्या कार्यालयाला पुन्हा पुन्हा पत्रं लिहून होते. तुमच्यापैकी कुणी विद्यापीठात शिकवत असेल, तर तुमची सगळ्यात मोठी मदत इथेच होईल.

उरतो राहण्याचा खर्च. ब्रिटिश व्हिसा नियमांत नोव्हेंबर २०२५ पासून लंडनबाहेर महिन्याला १,१७१ पौंड आणि लंडनमध्ये १,५२९ पौंड धरले आहेत, जास्तीत जास्त नऊ महिन्यांचे. हा आकडा कागदावर दाखवण्यापुरता. माणूस बारा महिने जगतो, तेव्हा संस्थेने बाराच धरावेत. त्यावर आरोग्य अधिभार येतो, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेसाठी व्हिसासोबतच भरायची रक्कम. विद्यार्थ्यांसाठी वर्षाला ७७६ पौंडांचा दर आहे, पण वर्षभराच्या कोर्सचा व्हिसा काही महिने जास्तीचा मिळत असल्याने प्रत्यक्षात १,१६४ पौंड भरावे लागतात. व्हिसाची फी, जॉर्डनमधल्या अम्मानपर्यंतचा प्रवास, तिथला मुक्काम, विमान, खोलीचं डिपॉझिट, जाड कोट हे सगळं वेगळं. हे आकडे बदलत राहतात, म्हणून दर वर्षी सरकारी संकेतस्थळावरून ताजे घ्या.

ब्रिटनमध्ये कर भरणाऱ्याने गिफ्ट एडचा फॉर्म भरला, तर त्याच्या प्रत्येक पौंडावर संस्थेला सरकारकडून २५ पेन्स मिळतात. हा फॉर्म भरून घेण्याचं काम कंटाळवाणं आहे, पण वर्षाअखेरीस त्यातून एखाद्याचं विमानाचं तिकीट सुटतं. भारतातून देणगी पाठवायची असेल तर ती परदेशी पैसे पाठवण्यासाठीच्या रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस योजनेखाली, बँकेमार्फतच जाते. परदेशी संस्थेला दिलेल्या देणगीवर भारतात आयकराची सवलत मिळत नाही, हे देणाऱ्याला आधीच सांगा. आणि कुणीही भावनेच्या भरात गाझातल्या एखाद्या अर्जदाराच्या खात्यावर परस्पर पैसे पाठवू नका. बँका असे व्यवहार अडवतात, खाती गोठवतात, आणि त्याचा त्रास तुमच्याआधी त्या मुलाला होतो.

कागदपत्रं

मास्टर्स सप्टेंबरमध्ये सुरू होतं. त्यामुळे आदल्या शरद ऋतूतच विद्यापीठाकडे अर्ज जायला हवा, हिवाळ्यात संस्थेचा अर्ज, वसंतात मुलाखत आणि उन्हाळ्यात व्हिसा. गाझातल्या अर्जदारासाठी यातली प्रत्येक पायरी जमेल तितकी लवकर उरका.

पॅलेस्टिनी विद्यार्थ्याच्या फाइलमध्ये काय असतं? बारावीसारखी तौजिही परीक्षा, पदवीचं प्रमाणपत्र, आणि ‘कश्फ अलामात’, म्हणजे गुणपत्रकांचा एकत्रित उतारा. वेस्ट बँकमध्ये बीरझेत, नाब्लुसचं अन-नजाह, बेथलेहेम किंवा हेब्रॉनच्या विद्यापीठाकडून हा उतारा रीतसर मिळतो. गाझात गोष्ट निराळी. इस्लामिक विद्यापीठ, अल-अझहर, अल-अक्सा यांच्या इमारती उद्ध्वस्त झाल्या. इस्रा विद्यापीठाच्या इमारतीचा स्फोट तर जानेवारी २०२४ मध्ये साऱ्या जगाने चित्रफितीत पाहिला. तरीही कर्मचारी जमेल तिथून, जमेल तसं ऑनलाइन काम करतात. कुलसचिवांच्या कार्यालयाला ईमेल केला तर उतारा येऊ शकतो, फक्त वेळ लागतो. मूळ प्रमाणपत्र ढिगाऱ्याखाली गेलं असेल, तर विद्यापीठाच्या प्रवेश विभागाला तसं स्पष्ट लिहून कळवा आणि सशर्त प्रवेश मागा. लाजण्यासारखं त्यात काही नाही.

शिफारसपत्रांबाबत जपून. ‘तुझ्या विभागप्रमुखांचं पत्र का नाही?’ असं सहज विचारू नका. इस्लामिक विद्यापीठाचे अध्यक्ष, पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक सुफियान तायेह २ डिसेंबर २०२३ रोजी हवाई हल्ल्यात कुटुंबासह मारले गेले. अनेक विद्यार्थ्यांचे मार्गदर्शक आज हयात नाहीत किंवा तंबूत राहतात. नोकरीतल्या वरिष्ठाचं, मदतसंस्थेतल्या अधिकाऱ्याचं, परदेशी सहलेखकाचं पत्र चालेल का, हे तुम्हीच प्रवेश विभागाला विचारून ठेवा.

आता नावांबद्दल, कारण सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो. पॅलेस्टिनी नावात बहुधा चार भाग असतात: स्वतःचं, वडिलांचं, आजोबांचं आणि घराण्याचं. आपल्याला वडिलांच्या नावाची सवय आहे, तिथे आजोबाही येतात. पासपोर्टवर चारही असतात, पदवीवर तीन, ईमेलमध्ये दोन. त्यातून अरबीचं रोमन लिपीत रूपांतर प्रत्येक कारकून आपापल्या परीने करतो, तेव्हा एकच घराणं ‘अल’ जोडून, तोडून किंवा गाळून लिहिलेलं सापडतं. पहिल्याच दिवशी एक तक्ता करा. डावीकडे कागद, उजवीकडे त्यावरचं नाव, अक्षर न् अक्षर. पासपोर्टवरचं रूप प्रमाण माना आणि विद्यापीठाच्या नोंदीत तेच लिहून घ्या. हा तक्ता पुढे व्हिसाच्या वेळी, बँकेत आणि घरमालकाकडेही उपयोगी पडतो.

इंग्रजीची परीक्षा हा आणखी एक अडसर. गाझात आयईएलटीएसला बसणं फार कठीण झालं आहे. पण पदवी आणि त्यापुढच्या कोर्ससाठी मान्यताप्राप्त विद्यापीठ स्वतःच विद्यार्थ्याचं इंग्रजी तपासू शकतं, नियमांत तशी सोय आहे. काही विद्यापीठं घरबसल्या द्यायची ऑनलाइन परीक्षा स्वीकारतात. प्रवेश विभाग ‘आयईएलटीएस आणा’ म्हणाला की तिथे थांबू नका. वरिष्ठांकडे ही सोय नावानिशी मागा.

अर्जातला निबंध

मराठी स्वयंसेवक सगळ्यात चांगली मदत इथे करू शकतात असं मला वाटतं. इंग्रजी शिकून घेतलेली भाषा असताना तिच्यात स्वतःबद्दल लिहिणं किती अवघड, हे आपल्याला ठाऊक आहे.

पहिला मसुदा बहुतेक वेळा युद्धाने सुरू होतो. किती वेळा घर सोडलं, कोण गेलं, कुठे राहतो. अर्जदाराला कुणीतरी सांगितलेलं असतं की परदेशी लोकांना हेच वाचायचं असतं. माझ्यासमोर एका पर्यावरण अभियांत्रिकीच्या पदवीधर मुलीचा असाच मसुदा होता. दोन परिच्छेद विस्थापनावर, आणि शेवटी एक ओळ: ‘मला पाण्याच्या क्षेत्रात काम करायचं आहे.’ मी तिला तिच्या शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पाबद्दल विचारलं. ती व्हॉइस मेसेजवर बोलायला लागली ती थांबेना. गाझाचा भूजलसाठा समुद्राला लागून आहे, उपसा जास्त झाला की खारं पाणी आत शिरतं. युद्धाआधीच तिथल्या भूजलाचा ९५ टक्क्यांहून अधिक भाग पिण्यालायक नव्हता. तिच्या गटाने वस्तीतल्या छोट्या क्षारनिर्मूलन केंद्रांच्या पाण्याचे नमुने तपासले होते. पाणी केंद्रातून स्वच्छ निघायचं आणि टँकरमधून घराच्या टाकीत पोचेपर्यंत दूषित व्हायचं, असं त्यांना आढळलं होतं.

निबंधाची सुरुवात झाली ती या टाकीपासून. युद्ध त्यात राहिलं, पण एका वाक्यात, आणि तेही कामाच्या संदर्भात: नमुने तपासायची प्रयोगशाळा आता नाही, म्हणून साध्या साधनांनी प्रत्यक्ष वस्तीवरच तपासणी कशी करावी हे मला शिकायचं आहे. हा फरक नीट पाहा. पहिल्या मसुद्यात तिची दया येत होती. दुसऱ्यात ती अभियंता दिसत होती.

तुमच्या हातून दोन गोष्टी होऊ देऊ नका. एक, निबंध तुम्ही लिहू नका. प्रश्न विचारा, उत्तरं तिची राहू द्या, मोडकंतोडकं इंग्रजी असलं तरी आधी ते तिचं असू द्या. दुसरी, दुःख खरवडून काढू नका. तिला सांगायचं असेल तर ऐका. निवडीसाठी ते सांगणं तिला भाग पडू नये, ही जबाबदारी आपली.

मुलाखतीचंही असंच. वीज आणि इंटरनेटचा भरवसा नसतो, म्हणून एकच वेळ न देता दोन दिवसांत तीन पर्यायी वेळा द्या. कॅमेरा बंद ठेवायची मुभा द्या. ती कुठे बसली आहे हे जगाला दाखवायची सक्ती कशाला? फोन मध्येच तुटला तर उरलेली उत्तरं व्हॉइस मेसेजवर घ्या आणि गुण देताना तुटलेला फोन मोजू नका.

मुलाखतीत एक नाजूक प्रश्न मात्र आधीच स्पष्ट करावा लागतो, तो मुलाबाळांचा. जानेवारी २०२४ पासून वर्गात शिकवल्या जाणाऱ्या (‘टॉट’) मास्टर्सला येणाऱ्याला पती-पत्नी किंवा मुलांना आश्रित म्हणून आणता येत नाही. संशोधन-पदवी किंवा सरकारी निधीची शिष्यवृत्ती हे अपवाद. आपल्यासारख्या खासगी संस्थेचा पैसा या अपवादात बसत नाही. लहान मुलं असलेल्या आईला हे निवडीआधी कळायलाच हवं. प्रश्न तिची निष्ठा जोखण्यासाठी विचारू नका. नियम सांगा, वेळ द्या, निर्णय तिचा.

व्हिसा आणि बाहेर पडणं

सगळ्यात आधी कायद्याची रेघ. ब्रिटनमध्ये नोंदणी नसलेल्या व्यक्तीने इमिग्रेशनचा सल्ला देणं गुन्हा आहे, फुकट दिला तरीही. ‘माझा व्हिसा मी स्वतः भरला होता, सांगते तुला’ हे मराठी घरांत सर्रास चालतं, इथे चालणार नाही. फॉर्मची लिंक देणं, तारखांची आठवण करणं, कागद स्कॅन झाले का हे पाहणं एवढं तुमचं काम. ‘या रकान्यात काय लिहू?’ असं आलं की तिला विद्यापीठाच्या इमिग्रेशन सल्लागाराकडे पाठवा.

त्याच सल्लागाराशी पैशाच्या पुराव्याबद्दलही लवकर बोला. स्वतःच्या खात्यात पैसे दाखवायचे तर ते सलग २८ दिवस तिथे असावे लागतात. पॅलेस्टिनी विद्यार्थ्याला ते जमणं कठीण. अधिकृत प्रायोजकाचं पत्र हा दुसरा मार्ग, पण छोटी संस्था त्या व्याख्येत बसेलच असं नाही. सोपी वाट म्हणजे संस्थेने रक्कम विद्यापीठाकडे द्यावी आणि विद्यापीठाने आपल्या नावाने पत्र द्यावं. ही व्यवस्था मे महिन्यापर्यंत ठरलेली असावी.

बाहेर पडण्याचा रस्ता विद्यार्थी कुठला, यावर ठरतो. वेस्ट बँकमधला विद्यार्थी बहुधा जॉर्डन नदीवरच्या किंग हुसेन पुलावरून, ज्याला इस्रायली बाजूने अ‍ॅलनबी म्हणतात, अम्मानला जातो आणि तिथून विमान पकडतो. पुलाच्या वेळा बदलत राहतात, आणि तणाव वाढला की तो कुठल्याही दिवशी बंद होतो. अम्मानचा मुक्काम धरूनच तिकीट काढा, आणि तारीख बदलता येईल असंच काढा, थोडे पैसे जास्त गेले तरी चालतील. जेरुसलेमच्या विद्यार्थ्याची कागदपत्रं वेगळी असतात. शहराबाहेर दीर्घकाळ राहिल्यास वास्तव्याचा हक्क जाऊ शकतो, ही त्याची चिंता खरी आहे, तिला घाबरटपणा समजू नका.

गाझातल्या विद्यार्थ्यासाठी कोडं असं की व्हिसाला बोटांचे ठसे लागतात, आणि गाझातलं व्हिसा केंद्र ऑक्टोबर २०२३ पासून बंद आहे. ठसे द्यायला बाहेर पडावं लागतं, आणि बाहेर पडायला इस्रायलची परवानगी व दुसऱ्या देशाची तयारी लागते. २०२५ च्या उन्हाळ्यात पूर्ण शिष्यवृत्ती हातात असलेले विद्यार्थी असेच अडकून पडले होते. खासदार, प्राध्यापक, विद्यापीठं यांनी रेटा लावल्यावर ब्रिटिश सरकारने त्यांना बाहेर काढण्याची व्यवस्था केली, आणि पहिली तुकडी त्या सप्टेंबरमध्ये ब्रिटनमध्ये पोचली. यातून आपल्यासारख्यांनी घ्यायचं ते हे: सरकार ज्यांना बाहेर काढतं त्यांच्या यादीत नाव लागायचं, तर विनाअट प्रवेशपत्र आणि पूर्ण निधीचं पत्र तयार असायला हवं. ती दोन पत्रं आपल्या हातात आहेत. आणि तुम्ही ब्रिटनमध्ये राहत असाल तर आपल्या खासदाराला लिहा. मतदाराचं, विद्यार्थ्याच्या विषयाबद्दल नेमकं लिहिलेलं एक पानी पत्र छापील याचिकेपेक्षा जास्त काम करतं. पत्रात विद्यार्थ्याचं नाव मात्र तिच्या परवानगीशिवाय घालू नका, समाजमाध्यमांवर तर नाहीच. बाहेर पडेपर्यंत कुठलाही फोटो, कुठलीही आनंदाची पोस्ट नको.

यातूनही वेळेत जमलं नाही, तर विद्यापीठाकडून प्रवेश जानेवारीवर किंवा पुढच्या वर्षावर ढकलून घ्या, आणि संस्थेच्या बैठकीत तिचा निधी बाजूला ठेवल्याचा ठराव लिहून घ्या. तो ठराव तिला पाठवा.

पोचल्यावर

विमानतळावर कुणीतरी ओळखीचा आवाज असलेलं माणूस असावं. महिनोनमहिने जिच्याशी व्हॉइस मेसेजवर बोलणं झालं, तीच व्यक्ती शक्यतो जावी. बँकेचं खातं उघडायला काही आठवडे जाऊ शकतात, म्हणून पहिल्या महिन्याचा खर्च रोख किंवा प्रीपेड कार्डवर तयार ठेवा. खोलीत पोचताक्षणी वायफाय चालू असणं हे जेवणापेक्षा आधी. घरच्यांचा आवाज ऐकल्याशिवाय घास उतरत नाही.

जेवणाचं निमंत्रण द्या, पण ‘नाही’ म्हणायची मोकळीक ठेवून. आपल्याकडच्या पाहुणचाराचा आग्रह अशा वेळी जड होऊ शकतो. डॉक्टरकडे नाव नोंदवणं, बसचा पास, हलाल दुकान, विद्यापीठाची समुपदेशन सेवा हे पहिल्या आठवड्यात दाखवून टाका. नंतर बातम्या वाईट येतील तेव्हा तिला कुठे जायचं हे ठाऊक असेल. प्रबंधाच्या मुदतीआधी घरी काही घडलं, तर मुदतवाढीचा अर्ज कसा करतात हेही ऑक्टोबरातच सांगून ठेवा, वेळ आल्यावर नाही.

परत जाण्याची अट घालावी का?

प्रत्येक संस्थेच्या बैठकीत हा वाद होतो. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी १९१३ मध्ये बाबासाहेब आंबेडकरांना कोलंबियाला पाठवलं, तेव्हा परतल्यावर दहा वर्षं संस्थानची नोकरी करण्याचा करार होता. बाबासाहेब बडोद्याला गेले, आणि तिथे त्यांना राहायला घर मिळेना. अट पाळायची इच्छा असून भागत नाही, जागाही लागते.

ज्या विद्यापीठात परतून शिकवायचं तेच जमीनदोस्त असेल, तर सक्तीचा करार करून घेण्यात अर्थ नाही, असं माझं ठाम मत आहे. वेस्ट बँकच्या विद्यार्थ्यांपैकी अनेकांना परतायचंच असतं, त्यांना अटीची गरज नाही. गाझाच्या विद्यार्थ्याला परतीचा रस्ता खुला असेल का हे त्याच्या हाती नाही. त्यापेक्षा त्याला विचारा: इथून काय करता येईल? काही जण गाझातल्या विद्यार्थ्यांना ऑनलाइन शिकवतात, काही संशोधनात तिथल्या प्राध्यापकांना सहलेखक घेतात. संस्थेने अशा कामासाठी थोडा निधी राखून ठेवावा.

मास्टर्स संपताना पदवीच्या आणि गुणपत्रकाच्या दोन-दोन प्रमाणित प्रती काढून घ्या. एक संच विद्यार्थ्याकडे, एक स्कॅन करून संस्थेकडे, तिच्या लेखी संमतीने. आणि पुढच्या वर्षीच्या निवड समितीवर यायला आवडेल का, हे तिला विचारा. ‘हो’ म्हणाली तर नव्या अर्जांचा पहिला गठ्ठा तिच्याकडे जाऊ द्या. कुठली ओळ कुठल्या परिस्थितीत लिहिली गेली आहे, हे आपल्यापेक्षा तिला चांगलं वाचता येतं.